‘दोन राज्यांचा एकच मासेमारी परवाना’ विकणाऱ्यांपासून सावध राहा

न्यू जर्सीत राहणाऱ्यांनी, विशेषतः ज्यांच्याकडे भारतातून आई-वडील, सासू-सासरे येतात त्यांनी, हे वाचाच.

माझे सासरे देवगडचे. गळ टाकून बसणं म्हणजे त्यांचा जीव की प्राण. वसंतात समुद्रातून डेलावेअर नदीत चढणारा शाड मासा, आपल्या पाला माशाचा भाऊबंदच म्हणा, त्यांना धरायचा होता. परवाना शोधताना सगळ्यात वर जाहिरात दिसली: ‘रेसिप्रोकल लायसन्स (म्हणजे परस्पर मान्यतेचा परवाना), न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियात कुठेही चालेल.’ पान हुबेहूब सरकारी. पासपोर्टच्या नंबरासकट सगळी माहिती घेतली, भरमसाट पैसे कापले आणि ईमेलवर आली ती नुसती पीडीएफ. आत सरकारी साइटवर फुकट मिळणारे नियम आणि एक ‘नोंदणी क्रमांक’.

पेनसिल्व्हेनियात टोहिकन क्रीकवर अधिकाऱ्याने तो क्रमांक तपासला. कुठेच नोंद नाही. आयुष्यात कुणाचा पैसा न बुडवलेला म्हातारा माणूस परक्या देशात मान खाली घालून उभा राहिला, याचा राग अजून जात नाही. दंड भरावा लागला तो वेगळाच. पुढच्या महिन्यात कार्डावरून ‘सदस्यत्वाचे’ पैसेही गेले.

असा जोडपरवाना मुळात नसतोच. परस्पर मान्यता कुणी विकत नाही; ती साध्या परवान्यातच येते, आणि तीही फक्त सामायिक पाण्यापुरती. दोन राज्यांमधल्या डेलावेअरवर दोहोंपैकी कुठल्याही एका राज्याचा परवाना काठापासून काठापर्यंत चालतो. न्यूयॉर्कच्या हद्दीवरच्या ग्रीनवुड लेकवरही न्यू जर्सी आणि न्यूयॉर्क दोन्हींचे परवाने मानतात. पण नदीला मिळणाऱ्या ओढ्यात शिरलात की त्या त्या राज्याचाच परवाना हवा. टोहिकन हा असाच ओढा. नेमक्या या बारकाव्यावर भामटे पोट भरतात. 2019 मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांच्या फसवणुकीवर कारवाई करणारी अमेरिकी सरकारी संस्था) ड्रायव्हिंग लायसन्सच्या नावाखाली अशाच पीडीएफ विकणाऱ्यांवर खटला भरला होता.

जाहिरातीवर क्लिक करू नका. राज्याच्या मत्स्य विभागाच्या ‘डॉट जीओव्ही’ पानावर जा आणि तिथल्याच दुव्यावरून परवाना घ्या, किंवा सरळ आमिष-गळाच्या दुकानात जा. परवाने विकणारी बरीच दुकानं आहेत. पाहुण्यांसाठी थोड्या दिवसांचा परवानाही मिळतो.

पैसे गेलेच असतील तर आधी कार्ड बंद करा, बँकेत व्यवहारावर हरकत घ्या आणि फेडरल ट्रेड कमिशनकडे तक्रार नोंदवा. आमच्या बँकेने सदस्यत्वाची रक्कम परत दिली. मूळ रकमेचा वाद अजून चालू आहे.