१/६ मापाच्या टी-५५ रणगाड्याचं टॉर्शन बार सस्पेन्शन : पावसाळा-उन्हाळा काढल्यानंतर

बॅटऱ्यांसकट साधारण ४० किलो वजनाच्या मॉडेलवर हे सस्पेन्शन आता पुरेसं चालून झालंय. टॉर्शन बारच (पिळून स्प्रिंगचं काम करणारी दांडी, इथे पोलादी तार) करा, कॉइल स्प्रिंगच्या नादी लागू नका. फक्त तार भारी घेतली म्हणजे काम झालं असं नाही. ती दोन्ही टोकांना कशी पकडली यावर सगळं अवलंबून आहे.

आधी जाडी. खरा टी-५५ सुमारे ३६ टनांचा. १/६ मापात वजन २१६ ने भागायचं, म्हणजे १६७ किलो यायला हवेत. मॉडेल त्याच्या पावपट, म्हणून खऱ्या बारची जाडी सहाने भागून काहीच साधत नाही. हिशोब मॉडेलच्या वजनावरच करायचा. दहा चाकं, प्रत्येकी ४ किलो, आर्म (चाक धरणारा हात) ४५ मिमी, बारची मोकळी लांबी ३२० मिमी. यात ४ मिमीची पियानो वायर (कडक पोलादी तार) उभ्या वजनाला साधारण १६ अंश पिळते आणि चाक १२-१३ मिमी दबतं. हे उत्तम. ५ मिमी घातली तर कडकपणा जवळपास अडीचपट होतो, चाक जेमतेम ५ मिमी दबतं आणि मॉडेल दगडावरून बैलगाडीसारखं जातं.

बारवर फक्त पीळ यावा, वाक येऊ नये. त्यासाठी आर्मचा शाफ्ट पोकळ हवा, तो ३० मिमी अंतरावरच्या दोन गनमेटल बुशमध्ये (धातूच्या नळीसारख्या बेअरिंगमध्ये) फिरतो आणि बार त्याच्या पोटातून पलीकडे जातो. डाव्या-उजव्या बाजूचे बार शेजारीशेजारी असल्याने समोरासमोरची चाकं एका रेषेत येत नाहीत. खऱ्या रणगाड्यातही तसंच असतं, दुरुस्त करायला जाऊ नका.

आता टोकं. आर्मकडे तार थंडच काटकोनात वाकवून १५ मिमीचा पाय आर्मच्या खाचेत बसवायचा. पलीकडे बहुतेक जण ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा आवळायचा स्क्रू) लावतात, आणि तिथेच घोटाळा होतो. चाक पूर्ण दबलं की तिथे साडेचार न्यूटन-मीटरच्या आसपास पीळ येतो. स्क्रूचं टोक तारेवर ओरखडा काढत सरकतं आणि मॉडेल एका बाजूला कलतं. ब्रेझिंग (पितळ वितळवून जोडणं) तर नकोच, उष्णतेने तारेचं पाणी उतरतं, म्हणजे कडकपणा जातो. टोकाची १५ मिमी लांबी दोन्ही बाजूंनी घासून ३ मिमी जाडीची करायची आणि दोन भागांच्या हबमध्ये तेवढ्याच खाचेत आवळायची. घासताना सारखी पाण्यात बुडवत राहा. निळा रंग चढला तर तो तुकडा बाद. सपाट भाग गोल भागाला मिळतो तिथे पायरी ठेवू नका, उतार द्या, नाहीतर तार तिथूनच तुटते.

हबला ३० मिमीची दांडी काढून ती एम४ बोल्टवर टेकवली की उंची बाहेरून जुळवता येते. बोल्टचा एक फेरा म्हणजे चाकाला सुमारे १ मिमी. वापरात सगळ्यात उपयोगी पडली ती हीच गोष्ट. स्प्रॉकेट (पट्टा ओढणारं दातेरी चाक) आणि गिअरबॉक्स मागे असल्याने मागची चाकं हळूहळू बसतात, तेव्हा पाचव्या बारला दोन-तीन फेरे द्यावे लागतात.

बसवण्याआधी प्रत्येक बार कामाच्याच दिशेने, कामापेक्षा जास्त पिळून सोडायचा, म्हणजे नंतर कमी बसतो. मग डावा-उजवा खूण करून ठेवा. अदलाबदल केलीत की ती मेहनत उलटी फिरते.

डँपर (हेलकावे शमवणारे शॉक) पहिल्या आणि शेवटच्या चाकाला पुरतात, मूळ गाडीतही तिथेच आहेत. ते नसतील तर ब्रेक लागताच नाक खाली जातं आणि गाडी डुलत राहते. १/८ मापाच्या रिमोटवरच्या बग्गीचे तेलाचे शॉक चालतात, पण सील चिखलाने खराब होतात. ही या सेटची खरी कमजोरी. आर्मला रबरी टेकूही द्या, नाहीतर उडी मारल्यावर पहिला डँपर वाकतो.

पट्ट्याचा ताण बॅटऱ्या ठेवल्यावरच जुळवा. टी-५५ ला वरचे रोलर नसतात, पट्टा चाकांवरच झोपतो. अगदी ताठ केला तर पुढचं आयडलर (पट्टा ताणून धरणारं चाक) आणि पहिला आर्म एकमेकांशी भांडतात. अगदी ढिला ठेवला तर गवतात वळताना पट्टा उतरतो.

पावसाळ्यात बुशमध्ये माती जाते, बाहेरच्या बाजूला ओ-रिंग हवीच. बार काढून पुसा, ग्रीस लावा. गंजाचा बारीक खड्डा दिसला तर बार बदला, तडा तिथूनच सुरू होतो.