म्यूझस्कोअरचं ब्रेल नोटेशन : फाइल स्वच्छ असेल तर उत्तम

मुंबई, पुणे, गोवा इथे अंध विद्यार्थ्याला पियानो किंवा व्हायोलिन शिकवणाऱ्या शिक्षकांसमोर पहिला प्रश्न असतो तो ब्रेलमधलं नोटेशन आणायचं कुठून? म्यूझस्कोअर स्टुडिओ ४ हे नोटेशन (स्वरलिपी) लिहिण्याचं मोफत सॉफ्टवेअर त्याचं चांगलं उत्तर आहे. शिक्षकाला ब्रेल यावंच लागतं असं नाही. रचना नेहमीसारखी लिहायची किंवा म्यूझिकएक्सएमएल फाइल (वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये चालणारी नोटेशनची फाइल) उघडायची, एक्स्पोर्टमध्ये ब्रेल निवडायचं, की बीआरएफ, म्हणजे ब्रेलमध्ये वाचण्या-छापण्याची फाइल तयार. विद्यार्थी स्वतः लिहिणार असेल तर प्रेफरन्सेसमधून ब्रेल पॅनल सुरू करावं. एनव्हीडीएसारखा स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) आणि ब्रेल डिस्प्ले (ठिपके वर उचलून दाखवणारं उपकरण) असला की समोरचं नोटेशन बोटांखाली येतं.

निकाल मात्र मूळ फाइलवर ठरतो, आणि त्याचं कारण ब्रेल संगीतलिपीच्या रचनेतच आहे. सहा ठिपक्यांपैकी १, २, ४, ५ स्वर सांगतात. ३ आणि ६ कालमान. सी स्वराचा क्वेव्हर (अर्धी मात्रा) म्हणजे १-४-५, त्यात ६ घातला की क्रॉचेट (एक मात्रा), ३ घातला की मिनिम (दोन), दोन्ही घातले की सेमीब्रीव्ह (चार). पण सेमीब्रीव्ह आणि सेमीक्वेव्हर (पाव मात्रा) यांची खूण एकच! कुठली आहे हे वाचक बारमधल्या (तालाच्या एका खंडातल्या) मात्रांच्या बेरजेवरून ओळखतो. म्हणून स्कॅन केलेल्या पीडीएफवरून ओळखून काढलेल्या फाइलमध्ये एखाद्या बारची बेरीज चुकली, तर डोळस वादकाला चूक दिसते, अंध वादक मात्र तिथेच अडतो. मिडी फाइल (कीबोर्डवर वाजवलेल्याची नोंद) तर थेट वापरूच नये. वाजवताना झालेला सूक्ष्म मागेपुढेपणा त्यात टाय (स्वर जोडणाऱ्या खुणा) आणि डेमीसेमीक्वेव्हर (अगदी लहान स्वर) होऊन उतरतो, एफ शार्पच्या जागी त्याच पट्टीचं दुसरं नाव, जी फ्लॅट, येतं.

आणखी एक नेहमीची चूक : ‘पी’ (हळू आवाजात) किंवा ‘क्रेशेंडो’ (आवाज वाढवत) साध्या मजकुरासारखं टाइप करणं. डायनॅमिक्सच्या (आवाजाच्या चढउताराच्या) पॅलेटमधूनच घ्यावं, नाहीतर सॉफ्टवेअरला ती खूण आहे हे कळत नाही. दुसऱ्या व्हॉइसमधले (त्याच ओळीतल्या दुसऱ्या स्वरधारेतले) रेस्टही (विरामही) पान मोकळं दिसावं म्हणून पुसू नयेत, त्यानेही बारची बेरीज बिघडते.

कॉर्डसाठी (एकदम वाजणाऱ्या स्वरांसाठी) इंटरव्हलची (स्वरांमधल्या अंतराची) दिशा तपासायला हवी. उजव्या हाताच्या कॉर्डमध्ये वरचा स्वर लिहून खाली मोजतात, डाव्या हातात खालचा स्वर लिहून वर. प्रेफरन्सेसमध्ये ऑटो, वर, खाली असे पर्याय आहेत. डावा हात ट्रेबल क्लेफमध्ये (उंच स्वरांच्या ओळींत) चढतो अशा रचनेत ते बार ब्रेल जाणणाऱ्याकडून वाचून घ्यावेत. एक दिशा उलटली की अख्खा कॉर्ड बदलतो.

‘फाइलमध्ये कचरा आलाय’ ही तक्रार बहुतेक वेळा म्यूझस्कोअरची नसतेच. बीआरएफ उत्तर अमेरिकन ब्रेल आस्कीत (ठिपक्यांसाठी साधी अक्षरं वापरणाऱ्या संकेतात) असते. स्क्रीन रीडरचं ब्रेल टेबल (कुठल्या अक्षराला कुठले ठिपके ही यादी) मराठी, हिंदी किंवा संक्षिप्त इंग्रजी असेल तर ठिपके बदलतात. एनव्हीडीएमध्ये सहा ठिपक्यांचं अमेरिकन कॉम्प्युटर ब्रेल निवडावं. डक्सबरी या ब्रेल भाषांतराच्या सॉफ्टवेअरमधून छापताना पुन्हा भाषांतर होऊ देऊ नये.

भातखंडे पद्धतीची बंदिश यातून निघत नाही, ती वेगळी लिहावी लागते. पियानोवादकाचे दोन्ही हात वाजवण्यात गुंततात, त्याच वेळी बोटांनी वाचता येत नाही, त्यामुळे तो एका हाताचे काही बार वाचून पाठ करतो, मग दुसऱ्या हाताचे. शिक्षकाने बार क्रमांक ठेवले तर हे काम पुष्कळ सोपं होतं.

छापण्याआधी ओळीची लांबी पाहा. अमेरिकी पानावर ओळीत ४० सेल (सहा ठिपक्यांचे घर) बसतात, उभ्या ए४ कागदावर जेमतेम ३० ते ३२. एम्बॉसरने (ब्रेल छापणाऱ्या यंत्राने) ओळी मध्येच तोडल्या तर दोन हातांचे एकाखाली एक लावलेले बार सरकतात. रुंद कागद घ्यावा, किंवा दोन्ही हातांच्या स्वतंत्र फाइली काढाव्यात.