दहा फैरी एकाच भोकात लागल्या म्हणून जुनी एअर रायफल घेऊ नका

१० मीटरच्या जुन्या मॅच (स्पर्धेच्या) एअर रायफलींच्या व्यवहारात नवशिके गंडतात ते बहुतेक एकाच पद्धतीने. मुलगी क्लबच्या रायफलीवर चार-सहा महिने शिकलेली असते, आता स्वतःची हवी असते, नवी झेपत नाही. विकणारा रेंजवरच बोलावतो. रायफलीला लावायचा दाबलेल्या हवेचा सिलिंडर २०० बार दाबापर्यंत भरून आणलेला असतो. दहा फैरी झाडायला देतो, दहाही पेलेट (शिशाचे छर्रे) एका भोकात जातात. सोबत ठरलेलं वाक्य असतं, "पेलेटचे दोनच डबे चाललेत, बॅरल (नळी) कोरं आहे." वडील तिथल्या तिथे पैसे देतात.

बॅरलचं ते बोलणं खरं असलं तरी त्याला भाव द्यायचं कारण नाही. बारूदी रायफलीत ज्वाळेने नळीचा घसा जळतो, म्हणून तिथे किती फैरी झाल्या ते विचारायचं. इथे शिशाचा मऊ पेलेट सेकंदाला १७०-१७५ मीटर वेगाने जातो आणि ज्वाळा नसतेच, त्यामुळे नळीची झीज नगण्य. नळी नासते ती पावसाळ्यात दमट बॅगेत गंजून, नाहीतर तोंडाकडून लोखंडी गज घालून पुसल्यामुळे. टॉर्च मारून तोंडाची कड गोल आणि बिनखरचटीची आहे ना, एवढं बघा आणि पुढे चला.

खरा डाव सिलिंडरात असतो. त्यावर निर्मितीचा महिना-वर्ष कोरलेलं असतं. बऱ्याच युरोपीय सिलिंडरांची मुदत त्यापासून १० वर्षांची. मुदतीतला सिलिंडर वापरणं ही आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमानुसार नेमबाजाची स्वतःची जबाबदारी आहे आणि स्पर्धेआधीच्या उपकरण तपासणीत तारीख बघितली जाऊ शकते. विकणाऱ्याकडे दोन सिलिंडर असतात. नवा तो ठेवून घेतो, मुदत संपत आलेला तुमच्या रायफलीला लावतो. तारखेवर क्लबचा स्टिकर चिकटवलेला दिसला तर तो काढायलाच सांगा. नवा सिलिंडर बाहेरून मागवावा लागतो, स्वस्त झालेल्या रायफलीतली बचत तिथेच जिरते.

दुसरी खोट दहा फैरींत दिसूच शकत नाही, ती म्हणजे गळती. सिलिंडर भरून त्यावरच्या दाबमापकाच्या काट्याचा फोटो काढा आणि एक रात्र सिलिंडर रायफलीवर, एक रात्र काढून वेगळा ठेवा. वेगळा ठेवूनही काटा उतरला तर दोष सिलिंडरच्या व्हॉल्व्हचा. फक्त रायफलीवर असताना उतरला तर आतली सील गेलेली. सील बदलणं तुलनेने स्वस्त पडतं. गळती तात्पुरती दबावी म्हणून काहीजण सांध्याला साधं ऑइल किंवा ग्रीस चोपडतात. हे नुसतं लबाडीचं नाही, धोक्याचंही आहे: उच्च दाबाच्या हवेत खनिज तेल पेटू शकतं. तिथे सिलिकॉन ग्रीसच चालतं. भरायच्या तोंडाशी ऑइलचा वास आला तर सौदा सोडा.

रेग्युलेटर, म्हणजे प्रत्येक फैरीला सारखाच दाब देणारा भाग, तपासायला घाई उपयोगाची नाही. रायफल वीस मिनिटं तशीच ठेवून मग क्रोनोग्राफवर (पेलेटचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) झाडा. पहिलीच फैर पुढच्यांपेक्षा सेकंदाला आठ-दहा मीटर वेगळी आली तर रेग्युलेटरची बैठक झिजली आहे, थांबलेल्या वेळात दाब हळूहळू पुढे झिरपतो. चांगल्या रायफलीत वीस फैरींचा फरक तीन-चार मीटरच्या आत राहतो. सलग झाडलं की पहिल्या फैरीची ही खोट दिसत नाही, विकणारा सलग झाडायला लावतो ते यासाठीच.

मागची पीप साइट (बारीक छिद्रातून नेम धरायचं साधन) जाहिरातीच्या फोटोतलीच मिळाली का तेही बघा, महागडी काढून ढिली बसवणं सर्रास चालतं. तिचा स्क्रू २० क्लिक उजवीकडे फिरवा, पाच फैरी. २० डावीकडे, पाच फैरी. भोकांचा गट मूळ जागी यायला हवा. एक मिलिमीटर चुकला तर ०.४ गुण गेला, आणि पात्रता फेरीत ६० फैरी असतात.

कागदांत सगळ्यात जास्त हलगर्जी होते. ४.५ मिमी आणि २० जूलपर्यंतच्या एअर रायफलीला शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवाना लागत नाही, म्हणून कागदच लागत नाहीत असं लोक धरून चालतात. (स्वप्नील कुसाळेचं पॅरिस ऑलिंपिकचं कांस्य ५० मीटरच्या .२२ रायफलीतलं, तिला परवाना लागतो, तिचा बाजार वेगळा.) रायफलीवरचा अनुक्रमांक आयातीच्या बिलावरच्या क्रमांकाशी ताडून बघा. खेळाडूच्या सवलतीत आलेली असेल तर पुढे विकण्यावर अटी असू शकतात, आणि क्लबमधून चोरलेली निघाली तर पैसेही जातात, रायफलही जाते.

बयाणा थोडा द्या, उरलेली रक्कम दोन रात्रींच्या तपासणीनंतर, बँकेतून. "दुसरं गिऱ्हाईक थांबलंय" असं ऐकवलं जाईल. त्या गिऱ्हाइकाला घेऊ द्या.