प्रीसाइस: मोठी सीएफडी केस तोडून छोट्या केसेस एकमेकींना जोडायच्या असतील तर

एकच अवाढव्य मेश (जागा छोट्या छोट्या तुकड्यांत विभागणारी जाळी) घेऊन सीएफडी म्हणजे हवा-पाण्याच्या प्रवाहाचं कॉम्प्युटर सिम्युलेशन चालवून वैतागलेल्या लोकांसाठी हा रिव्ह्यू आहे. प्रीसाइस ही कपलिंग लायब्ररी, म्हणजे वेगवेगळी सिम्युलेशन एकमेकांना जोडणारा तयार कोड, म्युनिकची टेक्निकल युनिव्हर्सिटी आणि स्टुटगार्ट युनिव्हर्सिटी इथल्या लोकांनी बनवलीये, ओपन सोर्स आहे, फुकट आहे. आधी एक गोष्ट क्लिअर करतो, ही लायब्ररी स्वतः फ्लो सोडवत नाही. तुमचे सॉल्व्हर (समीकरणं सोडवणारे प्रोग्रॅम) आपापले चालत राहतात, आणि त्यांच्यात डेटा इकडून तिकडे नेणं, दोन्ही बाजूंच्या न जुळणाऱ्या मेशमध्ये मॅपिंग करणं (एकीवरच्या व्हॅल्यू दुसरीवर बसवणं) आणि प्रत्येक टाइमस्टेपला, म्हणजे वेळेच्या प्रत्येक छोट्या टप्प्याला, दोघांचं उत्तर जुळतंय का ते तपासणं एवढंच काम तिचं, पण तेवढंच काम स्वतः कोड करायला बसलात तर जीव जातो.

माझा वापर म्हणजे दोन चेंबर आणि मधे लांब डक्ट. एका चेंबरमध्ये जेट आहे, तिथे मेश बारीक हवी आणि टाइमस्टेप छोटी, दुसरीकडे तसं शांत. सगळं एका मेशमध्ये ठेवलं की एका कोपऱ्यात बदल केला तरी पूर्ण मेश परत करायची आणि टाइमस्टेपही सगळीकडे सगळ्यात छोटीच घ्यायची. तोडल्यावर ओपनफोम या ओपन सोर्स सीएफडी सॉफ्टवेअरच्या दोन वेगळ्या केसेस झाल्या, वरच्या बाजूची (जिकडून फ्लो येतो ती) केस खाली वेग पाठवते आणि खालची केस वर प्रेशर परत देते. ओपनफोमचा अडॅप्टर (त्याला प्रीसाइसशी जोडणारा भाग) फंक्शन ऑब्जेक्ट, म्हणजे चालताना जोडता येणारा प्लगइन, म्हणून लोड होतो त्यामुळे सॉल्व्हरच्या कोडला हातच लावावा लागत नाही, हे मला फार आवडलं. बाकी कोणी कोणाला काय पाठवायचं ते सगळं एका एक्सएमएल फाईलमध्ये.

आता खरा मुद्दा, कुठे कापायचं. लायब्ररी कितीही चांगली असली तरी हा निर्णय तुमचाच. जिथे फ्लो सरळ एका दिशेने वाहतोय, वेगाची प्रोफाइल बसलेली आहे (पुढे जाताना फारशी बदलत नाही), तिथे कापा. बेंडच्या लगेच पुढे किंवा जिथे भोवरे उलटे येतायत तिथे कापलंत तर एका बाजूच्या आउटलेटमधून फ्लो परत आत शिरायला बघतो आणि कपलिंग धडपडतं, मग माणूस टॉलरन्स (उत्तरं किती जुळली की पुरे ती मर्यादा) कमीजास्त करत बसतो आणि दोष लायब्ररीला देतो. डक्टची थोडी लांबी जास्त मेश करावी लागली तरी चालेल पण इंटरफेस, म्हणजे दोन तुकड्यांचा जोड, शांत जागी हवा.

दुसरं, मास फ्लो. वेग आणि प्रेशरसाठी कन्सिस्टंट मॅपिंग वापरतात, त्यात व्हॅल्यू नीट जातात पण दोन्ही मेश वेगळ्या असतील तर इंटरफेसवरचा एकूण फ्लो रेट दोन्हीकडे तंतोतंत सारखा येईलच असं नाही, आणि इनकंप्रेसिबल (घनता न बदलणाऱ्या) फ्लोमध्ये एवढासा फरकही त्रास देतो. त्यासाठी स्केल्ड-कन्सिस्टंट प्रकार आहे, इंटिग्रल म्हणजे पूर्ण इंटरफेसवरची बेरीज सांभाळणारा. कोणतंही मॅपिंग घ्या पण इंटरफेसच्या दोन्ही बाजूंच्या पॅचवरचा (मेशच्या सीमेच्या तुकड्यावरचा) फ्लो रेट प्लॉट करून बघाच, कृपया.

स्पीडबद्दल बऱ्याच जणांना वाटतं की तोडलं म्हणजे पटकन होणार. तसं नाहीये. घट्ट कपलिंग हवं असेल तर इम्प्लिसिट स्कीम लागते, म्हणजे एकच टाइमस्टेप दोन्ही सॉल्व्हर पुन्हा पुन्हा सोडवतात, जोपर्यंत इंटरफेसवरची उत्तरं जुळत नाहीत तोपर्यंत. समजा एका स्टेपला ५ इटरेशन लागली तर काम जवळपास ५ पट. शिवाय सीरियल स्कीम घेतली तर एक सॉल्व्हर चालत असताना दुसऱ्याचे कोअर नुसते बसून राहतात. पॅरलल स्कीम (दोघे एकदम चालतात) आणि क्वासी-न्यूटन अॅक्सिलरेशन (आधीच्या इटरेशनवरून पुढचा अंदाज सुधारणारी पद्धत) घेतलं की बरंच सुधारतं, पण फायदा खरा कुठे मिळतो तर एक तुकडा बदलून बाकीचे तसेच ठेवता येतात तिथे. मधल्या डक्टच्या जागी पायथनमध्ये लिहिलेलं साधं १डी (फक्त लांबीच्या दिशेने सोडवणारं) मॉडेल बसवता येतं, कारण पायथन, फोर्ट्रान, ज्युलिया सगळ्यांसाठी बाइंडिंग (त्या भाषेतून लायब्ररी वापरायची सोय) आहेत. माझ्यासाठी पैसा वसूल इथेच झाला, पैसे लागत नसले तरी!

फ्लुइड-स्ट्रक्चर (प्रवाह आणि त्यामुळे वाकणारी वस्तू एकत्र) करणाऱ्यांना तर ही लायब्ररी माहीत असेलच, ओपनफोम आणि स्ट्रक्चर सोडवणाऱ्या कॅलक्युलिक्सची जोडी त्यात नेहमीची. तिथे पाण्यासारखा जड फ्लुइड आणि हलकं स्ट्रक्चर असेल तर एक्सप्लिसिटच्या (प्रत्येक स्टेप एकदाच सोडवून पुढे जाणाऱ्या स्कीमच्या) भानगडीत पडूच नका, अॅडेड मासमुळे, म्हणजे स्ट्रक्चरबरोबर हलवाव्या लागणाऱ्या फ्लुइडच्या वजनामुळे, टाइमस्टेप छोटी केली तरी सिम्युलेशन फुटतं.

व्हर्जनबद्दल सावध राहा. २०२४ मध्ये ३.० आलं, त्यात एपीआय (सॉल्व्हरच्या कोडमधून लायब्ररीला बोलवायचे फंक्शन) आणि एक्सएमएलचे टॅग दोन्ही बदलले, त्यामुळे नेटवरच्या जुन्या व्हर्जन २ च्या कॉन्फिग फाईल उचलून टाकल्यात तर चालणार नाहीत. पण दोन सॉल्व्हरच्या टाइमस्टेप वेगळ्या असताना मधल्या वेळेचा डेटा इंटरपोलेट करून देण्याची सोय ३ मध्ये खूप चांगली झालीये, माझ्यासारख्या केसला तेच हवं होतं, म्हणून नव्याने सुरू करणाऱ्यांनी सरळ ३ च घ्यावं. क्लस्टरवर (जोडलेल्या अनेक कॉम्प्युटरवर) चालवताना सॉकेटसाठी (दोन प्रोग्रॅममधल्या नेटवर्क जोडणीसाठी) नेटवर्क इंटरफेस आणि दोन्ही केसेसना दिसेल असा कॉमन फोल्डर कॉन्फिगमध्ये नीट द्या, नाहीतर दोघेही एकमेकांची वाट बघत बसतात आणि एररही येत नाही.

डॉक्युमेंटेशन उत्तम, ट्युटोरियल भरपूर. तापलेल्या प्लेटवरचा फ्लो हे सुरुवातीला बरेच जण करतात, पण तुम्हाला फ्लोचीच केस तोडायची असेल तर दोन तुकड्यांतल्या पाइपचं ट्युटोरियल आधी चालवा, तोच पाइप अख्खा एका मेशमध्येही चालवा, आणि दोन्हीचं प्रेशर मधल्या रेषेवर एकाच ग्राफमध्ये काढा. जोडाच्या जागी रेषेला टप्पा दिसला तर स्वतःच्या केसला हात लावायच्या आधी तो कशामुळे येतोय ते शोधा.