गजाची नळकांडी: मागवायची, ओतून घ्यायची, लेथवर की पत्र्यातून?

लाँग रायफल म्हणजे लांब नळीची जुनी अमेरिकन ठासणीची बंदूक. तिच्या नळीखालच्या लाकडात, बार ठासायचा लाकडी गज धरून ठेवणारी तीन पितळी नळकांडी असतात. त्यांतली पुढची दोन तुम्ही कुठूनही आणा, फारसं बिघडत नाही. खरा घोळ तिसऱ्याचा. गज जिथे लाकडाच्या पोटात शिरतो तिथे ते बसतं. त्याच्या मागच्या बाजूला पानासारखी शेपूट असते आणि ती लाकडात अशी बसवावी लागते की वरून बोट फिरवलं तर सांधा लागू नये. तिन्ही नळकांडी एका घरची दिसली पाहिजेत. म्हणजे तिसरं ज्या रीतीने होणार, त्याच रीतीने पहिली दोन करायची. मी उलटं केलं. आधी सोपी दोन करून मोकळा झालो, मग तिसऱ्यापाशी अडकलो आणि सगळी तिन्ही पुन्हा केली.

इंग्रजीत याला थिंबल म्हणतात, पण तो शब्द घेऊन बाजारात जाऊ नका. मुंबईत नागदेवीला मी एका हार्डवेअरच्या दुकानात थिंबल मागितलं, तर त्याने वायर रोपच्या फासात घालतात ते थेंबाच्या आकाराचं लोखंडी कडं समोर ठेवलं. त्याची चूक नाही, त्याच्या धंद्यात थिंबल म्हणजे तेच. शिंप्याकडे मागितलं असतं तर बोटात घालायची टोपी मिळाली असती. आपल्याकडच्या तोड्याच्या बंदुकीत गज सरळ लाकडातल्या भोकात जातो, त्यामुळे मराठीत या वस्तूला रुळलेलं नाव माझ्या कानावर कधी आलं नाही. मी नळकांडं म्हणतो. कारागिराला चित्र दाखवलं की तोही तेच म्हणतो.

पुढे जाण्याआधी कायद्याचं. मी करतो ती भिंतीवर लावायची प्रतिकृती. नळी भरीव सळईची, रंजकाचं भोक नाही, बार उडायचा प्रश्नच नाही. चालणारी बंदूक, मग ती ठासणीची का असेना, बनवायला १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवाना लागतो. जुन्या पद्धतीची आहे म्हणून त्यातून सुटका होत नाही. खालचं सगळं भरीव नळीच्या कामाबद्दल आहे. आणि तशी प्रतिकृतीसुद्धा मिरवणुकीत न्यायची असेल तर आधी पोलीस ठाण्यात सांगून ठेवा.

आता पर्याय.

तयार कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेला नग, अमेरिकेत मिळतं. तिथे अशा बंदुका हाताने घडवणाऱ्यांची मोठी जमात आहे आणि त्यांना लागणारं सामान विकणारी दुकानंही आहेत. गजाच्या जाडीप्रमाणे ५/१६, ३/८, ७/१६ इंच अशा मापांत नळकांडी येतात. तिसऱ्याची शेपूट घडवलेलीच असते, हा त्यांचा सगळ्यात मोठा गुण. पण ‘तयार’ या शब्दाला भुलू नका. कास्टिंग खडबडीत येतं, ओतल्याची खूण घासावी लागते, भोक सरळ आणि गोल असेलच असं नाही. कानशीचं काम तुम्हाला चुकत नाही, फक्त घडवणं वाचतं. आपल्या बाजूने अडचण कस्टम्सची. सीमाशुल्काच्या वर्गीकरणात बंदुकीच्या सुट्या भागांना ९३०५ हा स्वतंत्र क्रमांक आहे. पाकिटावर ‘मझललोडर पार्ट’ (ठासणीच्या बंदुकीचा भाग) असं छापलेलं असलं की आतली वस्तू किती निरुपद्रवी आहे हे सांगत बसायची पाळी तुमची. साठ-सत्तर ग्रॅम पितळेसाठी एवढा व्याप मला पटत नाही. ज्यांना पटतो त्यांनी निदान गज आधी हातात घेऊन मोजावा, मग माप कळवावं.

हेच कास्टिंग मुंबईत करून घेता येतं. इमिटेशन दागिन्यांसाठी पितळ ओतणारे कारखाने मालाडच्या बाजूला आहेत. त्यांची रीत ठरलेली: मूळ नग द्या, त्याचा रबर मोल्ड होतो, त्यात मेण भरतात, मेणावरून ओततात. दोन गोष्टी लक्षात ठेवा. मूळ नग धातूचाच द्या, कारण रबर दाबून तापवून पक्कं करतात आणि त्या उष्णतेत पीएलए प्लास्टिकचा थ्रीडी प्रिंट बसतो. दुसरं, मेण आणि पितळ दोन्ही आकसतात, म्हणून मूळ नग थोडा मोठा हवा आणि भोक शेवटी रीमरने मापात आणायचं. पण मूळ नग करायचा म्हणजे एक नळकांडं हाताने घडवणं आलंच! एकाच बंदुकीसाठी हा द्राविडी प्राणायाम आहे. नाटकासाठी दहा बंदुका हव्या असतील तर मात्र हाच मार्ग. तिथे मी दुसरा विचारही करणार नाही.

पितळी ट्यूब ही आळशी माणसाची निवड, आणि आळशीपणाला माझी हरकत नाही. बाहेरून १२ मिलिमीटर, भिंत १ मिलिमीटर अशी ओढीव ट्यूब घेतली की आत बरोबर १० मिलिमीटर उरतात. साडेनऊच्या, म्हणजे ३/८ इंची गजाला ते छान. चाळीस मिलिमीटरचे दोन तुकडे कापा, पाठीवर पट्टीचा कान (लाकडात शिरून आडव्या पिनेने अडकतो तो) डाखाने जोडा, पुढची दोन नळकांडी तयार. जाताना खिशात लोहचुंबक ठेवा. पडद्यांच्या दुकानात जी सोनेरी नळी पितळेची म्हणून दाखवतात ती पुष्कळदा लोखंडावर मुलामा असते. तिसऱ्या नळकांड्याला मात्र ट्यूब उपयोगी नाही, कारण शेपटीचा घेर नळीपेक्षा मोठा असतो. तो ट्यूबमधून काढायचा कुठून?

लेथवरचं काम दिसायला सगळ्यात देखणं. सोळा-अठरा मिलिमीटरची पितळी सळई, आत दहाचं भोक, कडेला दोन-तीन कंगोरे, आणि शेपटीसाठी मागचा भाग जाड ठेवून नंतर अर्धा कापून टाकायचा. भांडुपला एका गाळ्यात शेजारच्या काकांचा लेथ आहे. टूलरूममध्ये आयुष्य गेलेला माणूस. त्यांनी एका दुपारी तिन्ही काढून दिली, आरशासारखी. घोळ पुढे माझ्याकडून झाला. सळई होती फ्री-कटिंग पितळेची, म्हणजे त्यात शिसं. शिशामुळेच चिप्स कुरकुरीत तुटतात आणि लेथवर काम लोण्यासारखं होतं. पण तेच पितळ लालभडक असताना ठिसूळ असतं. मी कान जोडायला चांदीचा डाख लावत होतो. कान जरा तिरका वाटला म्हणून गरम असतानाच सांडशीने सरळ करायला गेलो आणि नळकांड्याचा तुकडा सांडशीतच आला. काका एवढंच म्हणाले, “अरे, थंड होऊ द्यायचं ना.” शेपूट जरा वाकवून लाकडाच्या गोलाईला बसवू म्हटलं तर तेही नाही, थंडपणी वाकवलं तरी तडकतं. म्हणजे लेथचं नळकांडं जसं उतरलं तसं. लाकूड त्याच्या मापाने कोरायचं, ते लाकडाच्या मापाने वळणार नाही.

मग पत्रा. माझं मत इथे आहे, लपवत नाही.

पत्रा गुलालवाडीत मिळतो. दुकानदार अख्खा पत्रा घ्या म्हणतील, तुम्ही कटपीस मागा. तळव्याएवढे दोन तुकडे पुरतात. गेज सांगताना सावध. अमेरिकन नकाशात २० गेज लिहिलं असेल तर ते ०.८ मिलिमीटर असतं. आपल्याकडचं २० गेज ब्रिटिश मोजणीचं, ते ०.९ भरतं. गेजचा आकडा बाजूला ठेवा, व्हर्निअर लावा आणि मिलिमीटरमध्ये बोला. साध्या गोल नळकांड्याला ०.९ उत्तम. पण पेन्सिल्व्हेनियाच्या रायफलींवर दिसतात तशी आठ पैलूंची हवी असतील तर १८ गेज, म्हणजे १.२ मिलिमीटरचा पत्रा घ्या. कारण साधं आहे. सुमारे बारा मिलिमीटरच्या गोलावर आठ सपाट पैलू घासले की प्रत्येक पैलूच्या मध्यावर जवळजवळ अर्धा मिलिमीटर धातू जातो. ०.९च्या पत्र्यात मग कागद उरतो. १.२मध्ये पाऊण मिलिमीटर राहतो, तेवढं पुरे.

रुंदीचा हिशेब एकदाच करायचा. आतलं माप १० मिलिमीटर, पत्रा ०.९, म्हणजे मधला व्यास १०.९. त्याला ३.१४ने गुणा, साधारण ३४ येतात. दोन्ही टोकांना कानासाठी सहा-सहा जोडा: ४६ मिलिमीटर. लांबी चाळीस. हा तुकडा लालसर होईपर्यंत तापवून नरम करायचा. दिवे घालवून तापवा, उजेडात रंग कळत नाही. मग सागाच्या ठोकळ्यात अर्धगोल पन्हळ पाडून त्यावर तुकडा ठेवायचा, वर १० मिलिमीटरची ब्राइट बार, म्हणजे गुळगुळीत पोलादी सळई, आणि लाकडी हातोड्याने हळूहळू खाली बसवायचा. पत्र्याचा ‘यू’ झाला की सळई आत असतानाच दोन्ही कान व्हाइसच्या जबड्यात दाबायचे. जबड्यांना कोनपट्टीचे तुकडे लावले तर कानाची मुळं काटकोनात बसतात. इथे पत्रा सळईला असा आवळून बसतो की काढताना सळईला तेलाचा हात लावावा लागतो. कानांच्या फटीत टाकणखार आणि चांदीचा डाख. पहिल्या नळकांड्याला मला अडीच तास लागले, दुसऱ्याला पाऊण.

सहा मिलिमीटरचा कान हा फक्त व्हाइसला धरायला. गजाची पन्हळ आणि बंदुकीची नळी यांच्यामधला लाकडाचा पडदा जेमतेम तीन मिलिमीटर असतो, त्यामुळे बसवताना कान कानशीने उतरवत न्यायचा, नळीला टेकणार नाही इतपत.

तिसऱ्याचा तुकडा कापतानाच शेपूट सोडून कापा. नळीचा भाग वरच्यासारखाच वळवायचा. शेपूट मात्र मोठ्या गोलाईच्या खाचेत, गोल तोंडाच्या हातोडीने बाहेर काढायची. नळी आणि शेपूट मिळतात तिथे पायरी येते आणि ती एका दमात येत नाही. चार-पाच टोले, पुन्हा तापवून नरम, पुन्हा टोले. टोल्याचा आवाज बदलून टणटण येऊ लागला की थांबा, पितळ कडक झालंय. माझ्या पहिल्या शेपटीला त्याच वळणावर केसाएवढी चीर गेली, कारण आवाज ऐकूनही मी आणखी दोन टोले हाणले. पत्र्याचा खरा फायदा यानंतर कळतो. शेपूट लाकडावर ठेवली, काजळी लावून दाबली, जिथे टेकत नाही तिथे बोटाने दाबून वळवली. लाकूड आणि पितळ दोघं थोडं थोडं सरकतात. लेथच्या आणि ओतलेल्या नळकांड्यात सगळं सरकणं लाकडानेच करायचं, आणि पटाशी एकदा जास्त लागली की लाकूड परत येत नाही.

दिसण्याचं म्हणाल तर पत्र्याचं नळकांडं लेथच्याइतकं चोख दिसत नाही. कान जुळतात तिथे डाखाची पांढरी रेघ असते, पण ती लाकडात जाते. जुन्या अमेरिकन कारागिरांनी पत्र्यातूनच पुष्कळ काम केलंय, त्यामुळे ते थोडं हातचं दिसणं त्या बंदुकीला शोभतं. तिथल्या दक्षिणेकडच्या डोंगराळ भागातल्या रायफलींवर हेच सामान लोखंडाचं असे. तशी प्रतिकृती करणार असाल तर पितळ सोडा, पत्र्याची रीत तीच राहते.

म्हणून: एक बंदूक, घरी व्हाइस आणि गॅसची टॉर्च असेल तर पत्रा. दहा बंदुका असतील तर पत्र्यातून एक संच करून तो ओतायला द्या. हातोडीची भीती वाटत असेल आणि ओळखीत लेथवाला असेल तर लेथ, पण त्याच सळईतून कानही तिथेच मिलिंग करून घ्या, डाखाच्या नादी लागू नका. ट्यूब फक्त तेव्हा, जेव्हा तिसरं नळकांडं दुसऱ्या कुणाकडून येणार असेल आणि तेही साधं गोल असेल.

मुंबईपुरती एक गोष्ट राहिली. गज आणि नळकांडं यांत अर्धा मिलिमीटर सैल ठेवा, मेमध्ये कितीही डुगडुगलं तरी. मी पहिल्यांदा अगदी चपखल बसवलं होतं आणि त्याचा अभिमानही होता. जुलैत गज असा फुगला की दोन माणसं ओढायला लागली, आणि गजाबरोबर तिसऱ्याची पिन वाकून बाहेर आली. आता मी गजाला मेण लावतो. पिना १.६ मिलिमीटरच्या तारेच्या घालतो आणि चिकटवत नाही, म्हणजे पावसाळ्यानंतर नळकांडी काढून मागचा हिरवट डाग पुसता येतो.