नुसतं प्रोजेस्टेरॉन की जोडीला इस्ट्रोजेन?

रजोनिवृत्ती जवळ आली की पाळी पुढेमागे, अंगातून वाफा, झोप उडालेली. रत्नागिरीच्या वैशाखात घाम सगळ्यांनाच. पावसाळी रात्रीही चादर भिजत असेल, तर कारण बहुधा हार्मोन्स, म्हणजे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन.

नुसतं प्रोजेस्टेरॉन सोपं: मायक्रोनाइज्ड (अगदी बारीक कणांची) कॅप्सूल, तीही झोपतानाच, कारण गुंगी येते. झोपेला तीच कामी येते. वाफांवरचा पुरावा मात्र तोकडा. काही कॅप्सूलांत शेंगदाणा तेल असतं. ॲलर्जी असेल तर घटक वाचाच.

वाफांवर इस्ट्रोजेनइतकं प्रभावी काही नाही. घामाने त्वचेवर चिकटवायचा इस्ट्रोजेनचा पॅच सुटू शकतो, म्हणून किनाऱ्यावर जेल बरं; कोरड्या त्वचेवर लावून वाळू द्यायचं. गर्भाशय असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन हवंच, नाहीतर अस्तर जाड होऊन कर्करोगाचा धोका वाढतो.

या उपचाराने गर्भधारणा टळत नाही, हे विसरू नका.

झोपेचीच तक्रार असेल तर डॉक्टरांकडे पहिल्याबद्दल विचारा, वाफांनी हैराण असाल तर दुसऱ्याबद्दल. रक्तस्राव फार होत असेल, तर दोन्हींआधी तपासणी; स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल, तर हे उपचार सहसा टाळतात.