खाडीत मुक्काम करायचा तर कयाक की कॅनू?

दिवाळी सरली की शिमग्यापर्यंत कोकणातल्या खाड्या वल्हवायला छान असतात. पाणी निवळलेलं, आभाळ मोकळं, रात्री पांघरूण लागेल एवढी थंडी. याच दिवसांत ओळखीपाळखीतून एक प्रश्न येतो: एक रात्र काठावर मुक्काम करायचा असेल तर कयाक घ्यावी की कॅनू? दोन्ही वापरून झाल्यावर मी त्यातली एक ठेवली आहे. माझं म्हणणं सिंधुदुर्गातल्या कर्ली नदीच्या, म्हणजे नेरूरपार ते देवबाग या पट्ट्याच्या अनुभवावरचं आहे. दुसऱ्या खाडीवर कदाचित वेगळं उत्तर येईल, तेवढी सूट ठेवून वाचा.

कयाक बंद, कॅनू उघडी. कयाकला दोन पात्यांचं वल्हं, कॅनूला एका पात्याचं. एवढं तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो. कयाक म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर रिसॉर्टवाल्यांकडे असते ती वर बसायची, दोघांची प्लॅस्टिकची कयाक आहे. आत पाय घालून बसायची लांबट टूरिंग कयाक ज्यांच्याकडे आहे ते बहुधा हा लेख वाचायला थांबणारही नाहीत. कोलाडला कुंडलिकेवर उसळत्या पाण्यात चालवतात त्या बुटक्या कयाकचा इथे काही संबंध नाही.

वाऱ्याचं आधी उरकतो, कारण तिथे कयाक सरळ जिंकते. कॅनूच्या बाजू उंच, त्यामुळे आडवा वारा आला की नाक फिरतं आणि मागे बसलेल्याचा सगळा जोर दिशा सांभाळण्यातच जातो. कोरजाईच्या पुढे नदी रुंदावते, तिथे दुपारी हे फार जाणवतं. माझा मावसभाऊ कट्टर कयाकवाला. अशा वेळी तो पुढे निघून जातो आणि आम्ही पोचेपर्यंत काठाला बसून शेंगदाणे संपवतो. वेगातही कयाक पुढेच. नवशिक्याला दोन पात्यांचं वल्हं पटकन जमतं. एका पात्याच्या वल्ह्याने होडी सरळ ठेवायला थोडे दिवस जातात, आणि तेवढे दिवस पुढचा आणि मागचा यांच्यात कुरबूर ठरलेली.

सुरक्षेतही कयाकचं पारडं जड आहे आणि ती बाब हलकी नाही. वर बसायची कयाक उलटली तर सुलटी करून पुन्हा चढता येतं, पाणी तळाच्या भोकांतून आपोआप निघून जातं. कॅनू उलटली की काठोकाठ भरते. खाडीच्या मधोमध दोघांनी ती रिकामी करणं भल्याभल्यांना जमत नाही. म्हणून देवबागच्या संगमावर, जिथे नदी समुद्राला मिळते आणि वाळूच्या दांड्यावर लाटा फुटतात, तिथे मी कॅनू नेत नाही. पाणी उपसायला तोंड कापलेला डबा दोरीने बांधलेला असतो आणि लाइफ जॅकेट अंगावर असतं. ते बूड टेकायला घ्यायची वस्तू नाही, हे काही जणांना अजून सांगावं लागतं.

इथपर्यंत वाचून कुणीही कयाकच घेईल. थोडं थांबा.

मुक्कामाच्या सहलीत लोकांना खरी धास्ती असते चिखलाची. ओहोटीला खाडीचा काठ उघडा पडतो आणि पाणी ते कोरडी जमीन यांच्यामध्ये गुडघाभर, कधी मांडीभर गाळ येतो. त्यात सामानाने भरलेली होडी ओढायची, तीही दिवेलागणीला, डास चावत असताना. कयाक हलकी म्हणून चिखलात ती बरी, असं बरेच जण सांगतात. मला वाटतं, चिखलाचा प्रश्न होडीने सोडवायचाच नाही. तो पंचांगाने सोडवायचा.

कोळ्यांचा हिशोब साधा आहे. पक्षातली तिथी घ्यायची, तिला पाऊणने गुणायचं, जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा किंवा अमावास्येला सव्वाअकरा-साडेअकराला. दुसरी भरती साधारण बारा तास पंचवीस मिनिटांनी. हा अंदाज आहे. किनाऱ्याने दक्षिणेला याल तशी वेळ थोडी अलीकडे येते, आणि खाडीत आत शिराल तसं पाणी उशिरा चढतं. भरती-ओहोटीचा तक्ता मोबाइलवर मिळतोच, पण तारीख ठरवताना हा गुणाकारच कामाला येतो.

पौर्णिमेला जाण्याचा मोह सगळ्यांना होतो, चांदणं म्हणून. पण पौर्णिमेला भरती दुपारच्या आत आणि ओहोटी संध्याकाळी सहाच्या सुमारास, म्हणजे नेमकं तंबू लावायच्या वेळी पाणी तळाला. शिवाय ते उधाण. जेवढं चढतं तेवढंच उतरतं, त्यामुळे चिखलही सगळ्यात जास्त उघडा. उलट शुद्ध सप्तमी-अष्टमीला भांगाचं पाणी असतं, चढउतार कमी. संध्याकाळी पाचसहाला भरती असते, तेव्हा होडी थेट बांधाला लागते. सकाळी उजाडताना पुन्हा भरती, की तिथूनच निघायचं. चंद्र मध्यरात्रीपर्यंत असतो, जेवणं उरकायला तेवढं पुरे.

यात वाऱ्याचंही जमून येतं. रात्री आणि सकाळी जमिनीकडून समुद्राकडे मतलई वाहतो, दुपारपासून समुद्राकडून खारा वारा सुटतो. अष्टमीला दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी संपते आणि भरती लागते. तेव्हा खालून, देवबाग किंवा कोरजाईच्या बाजूने निघालं की पाणीही वर नेतं आणि खारा वाराही पाठीवर. दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटीबरोबर, मतलई पाठीला घेऊन खाली. गाडी जिथे ठेवली तिथेच परत, कुणाला दुसऱ्या टोकाला गाडी घेऊन बोलवायची गरज नाही. वारा दोन्ही वेळा पाठीशी असला की कॅनूचा मघाचा मोठा दोष निम्मा तरी उरत नाही. मावसभाऊ तरीही पुढे जातो, ते सोडा.

हातपाटीने वाळू काढणाऱ्या होड्या, जाळी आणि लाँच यांना मात्र तिथी नसते. जाळ्याच्या तरंगत्या बोयांना लांबून वळसा घालावा. खडकाळ काठाला उतरताना चपला घालाव्यात, कालवांची धार पायाला आणि प्लॅस्टिकला सारखीच लागते. मुक्कामाच्या जागेबद्दल फार लिहीत नाही. कांदळवनात तंबू ठोकायचा नाही, ती झाडं कायद्याने राखलेली आहेत आणि तिथे भरती रात्री तुम्हाला शोधत येते. काठावरची बहुतेक मोकळी जागा कुणाची ना कुणाची असते, तेव्हा विचारून, शक्यतो कुणाच्या तरी अंगणाच्या कडेला. पोलीस पाटलांना किंवा सागरी पोलीस ठाण्यात सांगून ठेवलं की रात्री टॉर्च घेऊन कुणी चौकशीला येत नाही. माडाखाली नको, नारळाची झोप आणि आपली झोप एकाच वेळी संपायला नको. आणि मगरी. चिपळूणला वाशिष्ठीच्या मगरी सगळ्यांना माहीत आहेत, पण सिंधुदुर्गातही नद्यांच्या वरच्या, गोड्या पाण्याच्या अंगाला त्या दिसतात. गावात विचारल्याशिवाय पाण्यालगत झोपू नये.

आता मुद्दा, ज्याच्यावर माझा निकाल लागला: पिण्याचं पाणी.

परदेशातले मुक्कामाचे व्हिडिओ बघून आपल्याकडे एक समज होतो. ते लोक नदीतून बाटली भरतात, फिल्टर लावतात, चहा ठेवतात. आपल्या खाडीत रात्र काढायची म्हणजे चहूकडे पाणी आणि प्यायला थेंब नाही. कर्लीचं पाणी भरतीबरोबर आतवर खारं होतं आणि साधा फिल्टर मीठ काढत नाही. काठालगतच्या विहिरीही फेब्रुवारी-मार्चपासून मचूळ लागतात. चांगली विहीर गावात असते, आणि गाव व काठ यांच्यामध्ये खाजण, बांध, कुणाचा तरी कुत्रा. लोक पाणी नाही म्हणत नाहीत, उलट घोटभर कोकम सरबतही देतात; पण अंधारात दहा लिटर पाणी उचलून बांधावरून परत यायचं असतं ते आपल्यालाच. म्हणून पाणी घरून न्यावं लागतं. दोघांना एका रात्रीला, भात-आमटी, चहा आणि तोंडावरचं मीठ धुणं धरून, बारा-पंधरा लिटर तरी मला लागतात.

हे पाणी कयाकमध्ये ठेवायचं कुठे? मागच्या खळग्यात रबराच्या दोरीखाली तंबू आणि अंथरुणं जातात. पोटात जायला एक गोल झाकण, ज्यातून हात जातो, फार तर पातेलं जातं. पंधरा-वीस लिटरचा कॅन जात नाही. मग पाणी लिटर-लिटरच्या बाटल्यांत भरायचं आणि त्या एकेक करून आत सारायच्या. वल्हवताना त्या आतल्या आत गडगडतात, सगळ्या एका बाजूला गेल्या की कयाक दिवसभर तिरकी चालते. संध्याकाळी काठाला गुडघे टेकून खांद्यापर्यंत हात घालायचा आणि चाचपडत बाटल्या बाहेर काढायच्या. हाताला लागते ती नेमकी रिकामी. किती पाणी उरलंय याचा अंदाज कधीच येत नाही, म्हणून भात धुताना हात आखडतो आणि सकाळी निघताना आत दोन भरलेल्या सापडतात. सांगताना गंमत वाटते. दमलेल्या अंगाने, डोक्यावरची बत्ती लावून, मानेवर चिलटं बसलेली असताना वाटत नाही. मला तरी कयाकची ही एक गोष्ट वेगाच्या आणि वाऱ्याच्या सगळ्या फायद्यांवर भारी पडली.

घडीच्या मऊ पाणपिशव्या आहेत की, असं कुणी म्हणेल. आहेत, वापरल्याही. झाकणातून जातात. पण पाण्याला प्लॅस्टिकचा वास येतो आणि ओतताना एकाने धरायची, दुसऱ्याने भांडं. ज्यांना हे चालतं त्यांनी खुशाल कयाक घ्यावी.

कॅनूत कॅन मधोमध उभा राहतो. फिरकीचं झाकण, वरून दिसतं किती उरलंय. काठाला लागलं की एकाने कॅन, दुसऱ्याने भांड्यांचं पिंप उचलायचं, दोन फेऱ्यांत होडी रिकामी. पंधरा किलो वजन जागच्या जागी असल्याने होडी डुलत नाही. वारा समोरून आला तर कॅन जरा पुढे सरकवायचा. नाक जड झालं की ते वाऱ्यात टिकून राहतं. म्हणजे ज्या वाऱ्यामुळे कॅनू नापास होत होती त्याच्यावर थोडा इलाज पिण्याच्या पाण्यानेच होतो. गेल्या हिवाळ्यापासून मावसभाऊ स्वतः कयाकने येतो आणि त्याचं पाणी माझ्या कॅनूतून येतं. यावर तो काही बोलत नाही, मीही नाही.

आणखी एक, जरा खाजगी. वर बसायच्या कयाकमध्ये दिवसभर खाऱ्या पाण्यातच बसावं लागतं. संध्याकाळी त्याचे परिणाम कुठे दिसतात ते जाणकारांना सांगायला नको. कॅनूत बैठक कोरडी असते. दहिवराने सगळं ओलं होतं ते पुढे रात्री.

कॅनूची मोठी गैरसोय म्हणजे ती सहज मिळत नाही. कयाक तारकर्ली-देवबागला कुठेही भाड्याने मिळते, कॅनू शोधावी लागते, बहुतेकदा विकतच घ्यावी लागते आणि मग ती ठेवायला पडवी हवी, न्यायला गाडीवर कॅरिअर हवा. पहिल्यांदाच जाऊन बघायचं असेल, एकट्याने जायचं असेल, किंवा मुक्काम रिसॉर्टच्या वाळूवरच करायचा असेल, तर कयाक पुरेशी आहे, कॅनूच्या मागे लागू नका. दोघं मिळून, स्वतः रांधून, गावापासून जरा लांब राहायचं असेल तर मी कॅनूच सुचवेन.

तरीही ठरत नसेल, तर पुढच्या वेळी तारकर्लीला जाताना घरचा वीस लिटरचा रिकामा कॅन गाडीत टाका. कयाक भाड्याने घेताना तो काउंटरवर ठेवा आणि विचारा, हा कुठे बसतो.